रंजनाचं नॉर्मल हृदय

रंजना, तुझं हृदय आपल्या लॅबमध्ये पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीतून आलं. पोस्टमॉर्टेमच्या बरण्या येतात तसंच, फॉर्मलीनमध्ये बुडवलेलं. बरणीला चिकटपट्टीने कागद लावलेला, कागदावर तुझं नाव, वय, आणि खाली 'अचानक मृत्यू, मत राखून ठेवले आहे'. शाई पसरली होती. अशी पसरलेली शाई दिसली की तू पाठवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचीस. पेन्सिलीने लिहा म्हणून किती वेळा सांगायचं यांना, म्हणायचीस. त्या दिवशी बरणी टेबलावर होती आणि अख्खी लॅब आपापल्या कामात मान घालून बसली होती. शेवटी मीच उचलली.

"मॅडम, तुम्ही नका," सगळे म्हणाले. बाहेर पाठवू, दुसरं कुणी बघेल. बरोबर होतं त्यांचं. आपल्या माणसावर आपण सुरी धरू नये, हा शिरस्ताच आहे. पण हृदयातला विजेचा मार्ग पहिल्यापासून शेवटपर्यंत कापून बघायचं वेड इथे आपल्या दोघींनाच होतं. बाकीचे झडपा बघतात, रक्तवाहिन्या बघतात, स्नायूचे चार तुकडे घेतात आणि सुटतात. तुझं काम चार तुकड्यांत उरकलं असतं तर तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून विभागप्रमुख असल्याचा फायदा घेतला. सहीला आणि साक्षीला दुसऱ्या डॉक्टरांना शेजारी बसवलं आणि सुरी हातात घेतली.

तू गेलीस कशी, हे तुला सांगायला हवं, कारण तुला ते कळलंच नसणार. सकाळी गावाहून, दिघाशीहून, तू नेहमीसारखी भिवंडीत उतरलीस आणि धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसलीस. नाक्यावर कापडाचे तागे भरलेला टेम्पो आडवा झाला होता, त्यामुळे सगळं ठप्प. तुझ्या शेजारी एक बाई होती, उत्तरेकडची, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. तुला हॉस्पिटलात आणल्यावर ती शेवटपर्यंत थांबली. मी पोचले तेव्हा मला म्हणाली, "दीदी ने मेरे कंधे पे सर रख दिया. मैंने सोचा, थक गई होगी, सोने दो. मैं तो हिली भी नहीं."

ती हललीसुद्धा नाही, रंजना. टेम्पो बाजूला होऊन रिक्षा सुटेपर्यंत ती अंग चोरून बसून राहिली, तुझी झोप मोडू नये म्हणून. मी तिचा हात धरून म्हटलं, अच्छा किया आपने. त्या वेळात कुणी तुझी छाती दाबली असती तर, हा विचार मी तोंडावर येऊ दिला नाही. तिने चांगुलपणाच केला होता. चांगुलपणाने माणूस मरतो हे कुणाला सांगायचं? तोवर इकडे मी लॅबमध्ये दोन कप चहा मागवून, तुझा कप बशीने झाकून, ही बया आज पुन्हा उशीर करणार म्हणून धुसफुसत होते.

आपली शिकवायच्या स्लाइड्सची लाकडी पेटी आठवते ना? आठवते काय, तुझीच ती. कुणी तिला हात लावला तर तू मांजरीसारखी फिस्कारायचीस. त्या पेटीत हृदयाच्या ओळीत एक खाच कायम रिकामी. तिच्यापुढे तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'माणूस, नॉर्मल'. माझ्याकडे नोकरीला आलीस त्याच वर्षी तू मला धारेवर धरलं होतंस. "मॅडम, आपण मुलांना बकऱ्याचं हृदय दाखवतो. बकऱ्यात विजेच्या वाटेवरच्या शेवटच्या पेशी कशा टपोऱ्या, पांढऱ्याफटक, आंधळ्यालाही दिसतील. माणसात तेवढ्या दिसत नाहीत. ही मुलं काय बकऱ्यांची डॉक्टर होणार आहेत?" मी म्हटलं, बाई, माणसाचं हृदय येतं ते म्हाताऱ्याचं नाहीतर रोग्याचं. म्हाताऱ्यात ठोका सुरू करणाऱ्या दाण्यातल्या पेशी कमी झालेल्या असतात, मध्ये चरबी शिरलेली असते. नॉर्मल हवं तर धडधाकट तरुण माणूस मरायला हवा. तू म्हणालीस, "मग राहू दे खाच रिकामी."

वर्गात तू हे सगळं शिकवायचीस तेव्हा मी मागच्या बाकावर येऊन बसायचे. तपासायला येते असं दाखवायचे, पण येत होते ऐकायला. दिघाशीची बोली तू उंबऱ्यापाशी काढून ठेवायचीस, तरी रंगात आलीस की एखादा 'हाय' निसटायचाच. "हृदयाला ठोका दे म्हणून मेंदू सांगत नाही," तू म्हणायचीस. "वरची मोठी शीर उजव्या कप्प्यात उघडते, तिच्या तोंडाशी, पातळ सालीखाली एक चपटा दाणा हाय. सुरुवात तो करतो. कुणी न सांगता. तिथून लाट वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते. मग मधल्या पडद्याच्या तळाशी दुसरा दाणा. तो मुद्दाम वेळ काढतो. वरचे कप्पे रिकामे होऊ देतो, मग पुढे सोडतो. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये चिवट तंतूंची भिंत. त्या भिंतीतून वीज जात नाही. एकच भोक, आणि त्यातून एकच दोरी पार होते. पुढे तिला दोन फांद्या, फांद्यांना फाटे, आणि फाटे थेट आतल्या अस्तराखाली." या सगळ्या भागांना परदेशी डॉक्टरांची नावं आहेत. ती तू शेवटी, परीक्षेपुरती सांगायचीस.

कुणीतरी मुलगा हमखास विचारायचा, मॅडम, पहिला दाणा बंद पडला तर? ह्या प्रश्नाची तू वाटच बघत असायचीस. "लूमची मोटर गेली की लूम बंद. इथे तसं नाही. वरचा थांबला तर खालचा उठतो. तो थांबला तर त्याच्याही खालचा. जरा हळू चालवतात, पण चालवतात. माणूस इतक्या सहज मरू नये म्हणून केलेली सोय आहे ही."

मग तुझ्यात का नाही कुणी उठलं? दुसरा होता, तिसरा होता. त्या रिक्षात, त्या बाईच्या खांद्यावर, एकालाही जाग का आली नाही? हा प्रश्न मी तुझ्या हृदयाला हातात धरून मोठ्याने विचारला. शेजारी बसलेल्या डॉक्टरांनी मान फिरवली.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे, तेही इथेच काढते. तो लूमवरचा तरुण आठवतो? शिफ्टमध्ये उभ्या उभ्या कोसळला होता. त्याचं हृदय आपण महिनाभर कापत होतो आणि काही म्हणजे काही सापडलं नव्हतं. त्याची बायको रोज येऊन दाराशी बसायची. काय झालं होतं, एवढंच विचारायची. मी तुला म्हटलं होतं, पडद्यापाशी हलकासा व्रण आहे असं लिहून टाकू. कुणाचं काही जात नाही, तिला धरायला काहीतरी मिळेल. तू मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवलास. "दाखवा मॅडम. कुठे आहे व्रण? दिसतं ते लिहायचं. दिसत नाही ते लिहायचं नाही." मी म्हटलं, तुझ्या छातीत काळीज आहे की फॉर्मलीनची बरणी? तू उठून गेलीस आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोललीस. रिपोर्ट तुझ्याच मनासारखा गेला. बाई तो घेऊन गावी निघून गेली. कोण बरोबर होतं याचा निकाल आपण लावलाच नाही. जेवताना विषय निघाला की डबे बंद व्हायचे.

आणि दुसरं भांडण, देवीचं. तुझ्या आईचा नवस. तू तान्ही असताना तापाने फणफणलीस, डोळे फिरवलेस, आणि तुझ्या आईने, काकींनी, वज्रेश्वरीला साकडं घातलं की देवी, पोर वाचली तर मोठी झाल्यावर तिला चालत तुझ्या दारात आणीन. तू वाचलीस. मोठी झालीस. गावातली पहिली डॉक्टर झालीस. दिघाशीहून वज्रेश्वरी ती काय दूर, पण तू काही गेली नाहीस. आधी परीक्षा, मग नोकरी, मग सरळ नकार. गंमत बघ. आमच्या बौद्ध घरात नवस नाहीत, देव नाहीत, आणि मी तुला सांगत होते की जाऊन ये गं, म्हातारीचा जीव शांत होईल. तुझ्या घरात देव्हारा, आणि तू माझ्यावर डोळे वटारत होतीस. "ज्यावर विश्वास नाही ते आईला बरं वाटावं म्हणून करायचं? मग त्या बाईला बरं वाटावं म्हणून व्रण लिहायला काय हरकत होती?" दोन्ही भांडणं एकच होती, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

तर मी कापायला बसले. पहिला दाणा डोळ्यांना दिसत नाही, तुला ठाऊक आहे. शिरेच्या तोंडापासून कप्प्याच्या कडेने जी खोलगट रेघ जाते, तिच्यासकट तो भाग मी अखंड उचलला, रेघेला आडवे काप घेतले, मेणात बसवले. रंग तुझ्या आवडीचा लावला, ज्यात स्नायू लाल होतात आणि तंतू निळे. मग काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि बराच वेळ डोळा लावायचा धीर झाला नाही. लावला. मध्ये ती लहानशी गोल रोहिणी, आपण दोघी नेहमी जिच्यावरून दाणा ओळखायचो ती. तिच्याभोवती निळ्या जाळीत गुंतलेल्या लहान, फिकट पेशी. शेजारच्या कामकरी पेशी कशा जाडजूड, लाल, पट्ट्यापट्ट्यांच्या, आणि ह्या बारक्या, जोर लावायच्या कामाच्या नाहीत. ह्यांनी फक्त सुरुवात करायची. कडेला मज्जापेशींचे दोन-तीन पुंजके. चरबी नाही. व्रण नाही. सूज नाही. इतका सुंदर दाणा मी सबंध नोकरीत बघितला नव्हता. मला रडू आलं, आणि रडताना काच धूसर होते म्हणून चीडही आली.

दुसरा दाणा पडद्याच्या तळाशी, बरोबर त्याच्या ठरलेल्या तिकोनात. नॉर्मल. भिंतीतून जाणारी दोरी, निळ्या आवरणात नीट गुंडाळलेली. नॉर्मल. डावी फांदी पडद्यावर पातळ पदरासारखी पसरलेली, उजवी सुतळीसारखी गोल. शेवटच्या पेशी अस्तराखाली, मोठ्या आणि फिकट, आतला साखरेचा साठा धुऊन गेल्यामुळे पोकळ दिसणाऱ्या. त्याही होत्या जिथे असायला हव्यात तिथे. मी आणखी खोल काप घेतले. मग आणखी. मला रोग हवा होता, रंजना. एखादा डाग, एखादी तुटलेली फांदी, काहीही. पाण्यात घालून बसायला आमच्याकडे देव नाहीत, नाहीतर तेही केलं असतं. तुझ्या हृदयात काही सापडावं म्हणून मी जेवढी तळमळले तेवढी तू जिवंत असताना तुझ्यासाठी कधी तळमळले नव्हते. काही सापडलं नाही. चेहऱ्यावरचा शिष्टपणा तसाच ठेवून तू आतूनही निर्दोष निघालीस.

तुझा तेरावा झाल्यावर काकी लॅबमध्ये आल्या. एकट्या. नेसलेलं लुगडं इस्त्रीचं, पायांत तुझ्या चपला. खुर्ची दिली तर बसेनात. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"ताई, खरं सांगा. माज्या पोरीच्या काळजाला काय झालं व्हतं?"

मी म्हटलं, "काकी, बसा आधी."

"बसत न्हाय. त्या दिवशी सकाळी मी तिला बोलली. नवरात्र आलं, आता तरी चल, बोलली. ती हसली. हसली म्हनून मला राग आला. मी बोलली, देवी विसरत न्हाय, एक दिवस बसल्या जागी पाडंल तुला. माज्या तोंडातून गेलं, ताई. आन ती बसल्या जागीच गेली." त्यांनी पदराने तोंड दाबलं. "भाऊ तिचा बोलतो, मॅडमनी सगळं कापून बघितलंय. तुमाला दिसलं आसंल. काळजात काय व्हतं का आधीपासून? का माज्या तोंडानं गेली ती?"

माझ्या जिभेच्या टोकावर होतं, रंजना. जन्मापासून एक दोरी बारीक होती, काकी. एवढं एक वाक्य. ते बोलले असते तर काकींच्या छातीवरचा धोंडा तिथल्या तिथे उतरला असता. तुझ्या खुर्चीवर तुझा कोट तसाच टांगलेला होता, आणि मायक्रोस्कोपखाली तुझी काच होती. आपलं भांडण माझ्यासमोर तुझ्या आईच्या रूपाने उभं होतं आणि तू नेमकी पळून गेली होतीस. एरवी एका शब्दाला चार शब्द द्यायचीस. त्या दिवशी मला एकटीला ठरवायला लावलंस. तुझा इतका राग आला मला.

मी म्हटलं, "काकी, मी सगळं बघितलं. एक कण सोडला नाही. सगळं चांगलं होतं. तुमच्या पोरीचं हृदय धडधाकट होतं."

त्यांचा चेहरा पडला. लोक अशा वेळी सुटकेचा सुस्कारा टाकतात. काकींनी भिंत धरली. "म्हंजे माजंच," त्या पुटपुटल्या.

"नाही काकी, तसं नाही." मी घाईघाईने सांगू लागले. वीज वाहते तो रस्ता मला दिसतो, वीज दिसत नाही. काही दोष असे असतात की हृदय कापून, रंगवून, कितीही मोठं करून बघितलं तरी सगळं नॉर्मलच दिसतं, आणि तरी एक दिवस आतली वीज बिघडते. म्हणून तर तुमच्या मुलाला आणि नातवंडांना हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आहे, म्हटलं. तसंच काहीतरी असणार. बोलण्याने कुणाचं हृदय थांबत नाही.

काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे आसतं, पन दिसत न्हाय?"

"हो काकी."

"मग देवीचं बी तसंच," त्या म्हणाल्या.

ह्यावर तू काय म्हणाली असतीस? खरंच सांग. एवढं शिकून, एवढी वर्षं शिकवून, मी तुझ्या नियमाने वागले आणि तुझ्या आईला जिथे होती तिथेच सोडलं.

मग त्या मायक्रोस्कोपाकडे बघत म्हणाल्या, "तिचं हाय त्यात?" मी हो म्हटलं. बघायचं का, विचारलं. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. पुष्कळ वेळ लावून धरला. "गुलबक्षीवानी हाय," म्हणाल्या. "हितून चालू व्हतं व्हय?" मी म्हटलं, हो, पोटात असल्यापासून. त्यांनी डोळा काढला नाही. तसंच वाकून, मायक्रोस्कोपातच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सगळी जाळली आमी. राख बी गेली खाडीत. येवढीच ऱ्हायली. ताई, ही काच मला द्या. देवीला दाखवून आनते. मी बोलली व्हती आनीन म्हनून."

स्लाइड लॅबबाहेर जात नाही. पोलीस केसची तर नाहीच नाही. हा नियम मुलांना घोकून घेणारी तू. पण मेणाच्या ठोकळ्यातून मी एक जादा काप शिकवण्यासाठी घेतला होता, त्या रिकाम्या खाचेसाठी, तुझ्या भावाची लेखी परवानगी घेऊन. तो मी दिला. फक्त म्हटलं, मीही येते. काच फुटली तर पंचाईत, असं कारण सांगितलं. खरं कारण हे की त्यांना एकटीला तुला घेऊन जाताना बघवलं नसतं.

भाऊ गाडी काढतो म्हणाला. काकींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "चालत बोलली व्हती." उजाडताच दिघाशीहून निघालो. काच त्यांनी हिरव्या खणात गुंडाळली आणि खण पोलक्याच्या आत, डाव्या बाजूला ठेवला. मला तू पोटात असतानाच्या गोष्टी सांगत चालल्या होत्या. तू लाथा कशा मारायचीस, सुईण कशी म्हणाली की ही पोर भांडकुदळ निघणार. मी म्हटलं, सुईण हुशार होती. काकी हसल्या, आणि हसल्याबद्दल लगेच तोंडावर हात ठेवला. माझे गुडघे अर्ध्या वाटेत बोलू लागले. त्या तुझ्या चपलांमध्ये सरळ चालत राहिल्या. मोठ्या होत होत्या त्यांना. फटफट आवाज येत होता.

वज्रेश्वरीला कुंडाच्या गरम पाण्यात पाय धुतले आणि पायऱ्या चढलो. काकींनी ताटात साडी ठेवली, नारळ ठेवला, खण उलगडला आणि मधोमध तुला ठेवलं. पुजाऱ्याने काच बघितली. "हे काय आहे आजी?"

"माजी पोर."

त्याने चिमूटभर कुंकू घेऊन सगळ्या ताटावर टाकलं. मी पुढे होणार होते, स्लाइड खराब होईल म्हणून. झाले नाही. काकींनी हात जोडले नाहीत. देवीकडे बघून, शेजारणीला हिशेब चुकता केल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "आनली बघ. उशीर झाला. तिचे पाय न्हाय ऱ्हायले, म्हनून माज्या पायांनी आनली. आता माजं-तुजं सपलं." मग खाली बसल्या आणि तिथे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मध्ये, ढसाढसा रडल्या. तुला नेल्यापासून पहिल्यांदाच, असं तुझा भाऊ नंतर म्हणाला.

त्यांचा धोंडा उतरला का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. अजूनही भेटल्या की सगळं बोलतात, पण माज्या तोंडानं गेली न्हाय, असं त्यांच्याकडून मी ऐकलेलं नाही. नातवंडांच्या तपासण्या चालू आहेत, मुलं हसतीखेळती आहेत, आणि त्यांचा कार्डिओग्राम काढताना माझ्याच छातीत धडधडतं. तुझ्या रिपोर्टवर त्या डॉक्टरांच्या जोडीने मी सही केली. 'सर्व भाग नॉर्मल. तपासणीत मृत्यूचे कारण आढळले नाही.' व्रण लिहिला नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस. मी अजून भांडते आहे, फक्त समोरून कुणी बोलत नाही.

परतताना वाटेत काकींनी काच माझ्या हातात दिली. "पोरांना दाखवा. तिला शिकवायला आवडायचं." मी ती पेटीत, तुझ्या अक्षरासमोरच्या खाचेत ठेवली. सोमवारी वर्गात लावायची आहे. मुलं ह्या वेळी माणूस बघतील. कुणाचं हृदय, हे मी सांगणार नाही.

ठेवण्याआधी काच उजेडात धरली तर एका कडेला लाल ठिपका. काच पुसायच्या झायलीनचा एक बोळा फिरवला असता तर गेला असता, आणि तू असतीस तर माझ्या हातातून ओढून घेऊन पुसला असतास. मी बोळा घेतलाही. मग परत ठेवला. दिसतं ते लिहायचं, हा तुझाच नियम. म्हणून पेटीतल्या वर्णनात, पेन्सिलीने, सगळं क्रमाने लिहिलं आहे. माणूस, स्त्री, नॉर्मल. मध्ये रोहिणी, भोवती फिकट पेशी, तंतू निळे. आणि शेवटच्या ओळीत, काचेच्या डाव्या कडेला कुंकू.